ग्राफिक्स कार्डांचे भाव : संशय आणि पुरावा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला, तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. ह्या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. माझे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि आपल्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा पांडित्याची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. पण भाव हा विषय माझ्या धंद्यातला आहे. महागाई भत्त्याच्या हिशेबावरून मालकांशी भांडण्यात माझी तीस वर्षे गेली. भाव का चढतो, कोण चढवतो आणि चढवणारा पुढे काय सबब सांगतो, ह्याची मला थोडीबहुत ओळख आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे. ती आधी सांगतो.

2021 च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये काम करणारा एक तरुण सभासद पतपेढीकडे कर्जासाठी आला. दिवसा तो साचे करतो आणि रात्री घरी संगणकावर साच्यांची त्रिमित चित्रे काढून चार पैसे मिळवतो. त्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचे होते. आमच्या कमिटीतल्या एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, "खेळ खेळायला कर्ज कशाला रे?" पोराने शांतपणे आपले काम दाखवले. तीस हजार मंजूर झाले. मंजुरीला तीन आठवडे लागले, आणि तो दुकानात गेला तेव्हा त्याच कार्डाचा भाव बावन्न हजार झाला होता.

मी चार पोरे घेऊन त्या दुकानावर गेलो. "माल दडवून भाव चढवलाय," असे रस्त्यावर उभा राहून, माणसे जमतील अशा आवाजात बोललो. दुकानदार चिडला नाही. त्याने खरेदीचे बिल काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "अण्णा, आधी हे वाचा." मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या घाऊक व्यापाऱ्याचे बिल होते ते. कार्ड त्यालाच पन्नास हजारांच्या वर पडले होते. त्यातही दोनच कार्डे मिळाली होती आणि मागणारे दहा होते. मी मुकाट्याने परत आलो. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, आणि ज्या आवाजात आरोप केला होता त्याच आवाजात, गिऱ्हाइकांसमोर, माफी मागितली.

पण प्रश्न काही सुटला नव्हता. दुकानदार नव्हे, तर मग कोण? पोरे म्हणाली, "अण्णा, वरचे सगळे एक झालेत." एकदा पुराव्यावाचून बोलून तोंडघशी पडलो होतो. म्हणून ठरवले, ह्या वेळी आधी कागद पाहायचे. ते पाहून मला जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. संगणकाची मुख्य चिप म्हणजे एखादा कसबी कारागीर. कोणतेही अवघड काम त्याला द्या, तो एकामागून एक करीत जाईल. ग्राफिक्स कार्डावरची चिप ही पॉवरलूमच्या शेडसारखी आहे. तिथे हजारो लहान माग एकाच वेळी एकच साधे काम करतात. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा रंग ठरवणे हे ते मूळ काम. पुढे असे दिसून आले की, ज्या ज्या कामात एकाच तऱ्हेची बेरीज-गुणाकार असंख्य वेळा करावी लागते, त्या सर्वांना ही शेड उपयोगी पडते. साच्याचे चित्र, सिनेमातली दृश्ये, हवामानाचा अंदाज, आणि आज ज्याची सर्वत्र चर्चा आहे ती कृत्रिम बुद्धिमत्ता, ही सगळी गिऱ्हाइके एकाच शेडच्या दारात उभी आहेत.

आता मालक कोण? डब्यांवर दहा-बारा कंपन्यांची नावे दिसतील. आतली चिप मात्र मुख्यतः एन्व्हिडिया आणि एएमडी ह्या दोघांचीच. इंटेलने 2022 मध्ये ह्या बाजारात पुन्हा पाऊल टाकले, पण त्याचा वाटा अजून लहान आहे. अलीकडच्या पिढ्यांत ह्या तिघांच्याही मुख्य चिपा तैवानच्या टीएसएमसी ह्या एकाच कारखानदाराकडे तयार होतात. त्या कारखान्याला लागणारे सर्वांत सूक्ष्म छपाईचे यंत्र नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. कार्डावर जी मेमरी बसते ती मुख्यतः तीन घरची : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. म्हणजे ह्या वाटेवर एकामागून एक अरुंद दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजावर एक, दोन किंवा फार तर तीन रखवालदार आहेत. अशा ठिकाणी संशय उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. आणि तो नेहमीच खोटा ठरलेला नाही.

पहिले उदाहरण मेमरीचे. साधारण 1999 ते 2002 ह्या काळात मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे विक्री अधिकारी एकमेकांना गाठून अमेरिकेतल्या संगणक कारखानदारांना काय भाव लावायचा ते ठरवीत होते. डेल, कॉम्पॅक, ॲपल, आयबीएम अशी मोठी गिऱ्हाइकेही त्यातून सुटली नाहीत. अमेरिकन न्यायखात्याने चौकशी सुरू केली. एका विक्री अधिकाऱ्याने आपली हस्तलिखित टिपणे दडवली आणि बदलली, म्हणून त्याच्यावर वेगळा गुन्हा दाखल झाला. शेवटी कंपन्यांनी गुन्हा कबूल केला. इन्फिनिऑनला 16 कोटी डॉलर, हायनिक्सला 18.5 कोटी, सॅमसंगला 30 कोटी आणि एल्पिडाला 8.4 कोटी डॉलर दंड झाला. एकूण रक्कम 73 कोटी डॉलरच्या वर गेली आणि कित्येक अधिकारी तुरुंगात जाऊन आले. मायक्रॉनने सरकारला साहाय्य केले म्हणून तिला दंडातून सूट मिळाली. 2010 मध्ये युरोपियन कमिशननेही ह्याच प्रकरणात 33 कोटी युरोंच्या वर दंड ठोठावला.

दुसरे उदाहरण पडद्यांचे. संगणक आणि दूरदर्शन संचांना लागणारे सपाट पडदे बनवणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी 2001 ते 2006 ह्या काळात तैवानमधील हॉटेलांत जवळजवळ दर महिन्याला जमत आणि भाव ठरवीत. ह्या बैठकांना त्यांनी 'क्रिस्टल मीटिंग' असे नाव दिले होते. त्यात एलजी डिस्प्लेला 40 कोटी आणि एयू ऑप्ट्रॉनिक्सला 2012 मध्ये 50 कोटी डॉलर दंड झाला.

म्हणजे "वरचे एक होतात" हे आमच्या पोरांचे म्हणणे केवळ चहाच्या टपरीवरचे नव्हे. कोर्टात सिद्ध झालेली गोष्ट आहे ती.

आता खुद्द ग्राफिक्स चिपांचे पाहू. 2006 च्या अखेरीस अमेरिकन न्यायखात्याने एन्व्हिडिया आणि एएमडी ह्या दोघांकडे कागदपत्रांची मागणी केली. एएमडीने त्याच वर्षी एटीआय ही ग्राफिक्स चिपा बनवणारी कंपनी विकत घेतली होती. पाठोपाठ ग्राहकांच्या वतीने अनेक दावे दाखल झाले. त्या दाव्यांत एका कंपनीच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला 2002 मध्ये लिहिलेले एक पत्र पुढे आले. आपण प्रतिस्पर्धी असलो तरी आपल्या मालाची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी मिळून झटले पाहिजे, अशा आशयाचे ते होते. वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतील असेच ते पत्र. पण त्यात भाव ठरल्याचा आकडा नव्हता. 2008 मध्ये न्यायखात्याने कोणावरही आरोप न ठेवता चौकशी बंद केली. दिवाणी दाव्यात दोन्ही कंपन्यांनी प्रत्येकी साडेआठ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तडजोड म्हणजे कबुली नव्हे, हे युनियनमध्ये काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

ह्या दाव्यातली एक गोष्ट मात्र मनाला लागली. कोर्टाने ज्या गटाला दावा चालवू दिला, तो गट मुख्यतः थेट कंपनीकडून कार्ड विकत घेणाऱ्यांचा होता. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये असा दंडक घालून दिला आहे की, तिथल्या केंद्रीय कायद्याखाली नुकसानभरपाई मागण्याचा हक्क थेट खरेदीदारालाच. काही राज्यांनी पुढे निराळे कायदे केले ही गोष्ट वेगळी. पण आमचा तो सभासद जर अमेरिकेत असता, तर त्याने कार्ड दुकानदाराकडून घेतले, दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याकडून आणि व्यापाऱ्याने कंपनीकडून. शेवटी खिशाला झळ ज्याच्या बसली, त्याचा दाराशीच अडवणूक होण्याचा संभव!

आणखी एक खटला सांगतो. 2016-17 मध्ये मेमरीचे भाव पुन्हा भडकले. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात त्याच तिघा कंपन्यांवर पुन्हा दावा झाला. तिघांनी एकदमच उत्पादन आवरते घेतले, हा आरोप होता. कोर्टाने तो दावा फेटाळला आणि 2022 मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. कोर्टाचे म्हणणे थोडक्यात असे की, तिघे एकाच दिशेने चालले म्हणून त्यांनी ठरवून पावले टाकली असे सिद्ध होत नाही. प्रत्येकाचा आपापला स्वार्थही त्याला त्याच दिशेने नेऊ शकतो.

हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. समजा, एका गावात दोनच पिठाच्या गिरण्या आहेत. एका गिरणीवाल्याने दळणाचा दर किलोमागे एक रुपयाने वाढवला आणि दारावर पाटी लावली. दुसऱ्याने येता-जाता पाटी वाचली आणि दुसऱ्या दिवशी आपलाही दर वाढवला. दोघे एकत्र बसले नाहीत, एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. गावाला मात्र जास्त पैसे मोजावे लागलेच. रात्री गुपचूप भेटून त्यांनी दर ठरवला असता तर तो गुन्हा होता. दिवसाढवळ्या पाटी वाचून ठरवला, तर तो व्यापार! दोन-तीनच विक्रेते असलेल्या बाजारात संगनमताची गरजच उरत नाही, ही ह्या विषयातली सर्वांत अडचणीची गोष्ट आहे.

मग गेल्या काही वर्षांची भाववाढ कशाची? उपलब्ध कागदांवरून मला तिची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण टंचाईचे. 2020 नंतर महामारीमुळे घरोघरी संगणकांची मागणी वाढली. त्याच वेळी इथेरियम नावाचे आभासी चलन 'खणण्यासाठी' लोक खोल्या भरभरून कार्डे घेऊ लागले. आमचा सभासद ह्या लाटेत सापडला होता. 15 सप्टेंबर 2022 रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची ती गरज संपली आणि जुनी कार्डे बाजारात आली.

दुसरे कारण मक्तेदारीच्या बळाचे. सप्टेंबर 2020 मध्ये एन्व्हिडियाने '3080' हे कार्ड 699 डॉलर किमतीला जाहीर केले. दोनच वर्षांनी नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच पायरीवरचे '4080' आले, ते 1,199 डॉलरला. त्या त्या वेळच्या हुंडणावळीने हिशेब केला, तर कर धरण्यापूर्वीच सुमारे 51 हजारांचे 97 हजार झाले. कारखानदाराचा खर्च वाढला होता हे खरे. चिपा स्वस्त होत जाण्याचे दिवस संपले, असे कंपनीच्या प्रमुखांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले. पण गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. जानेवारी 2024 मध्ये त्याच कार्डाची सुधारलेली आवृत्ती 999 डॉलरला आणावी लागली. सगळी वाढ खर्चाचीच असती, तर दोनशे डॉलर कुठून कमी झाले? हा प्रश्न विचारण्याचा गिऱ्हाइकाला अधिकार आहे.

तिसरे कारण सर्वांत मोठे. जानेवारी 2020 ला संपलेल्या वर्षात एन्व्हिडियाची एकूण विक्री सुमारे 1,092 कोटी डॉलर होती आणि तिच्यातला निम्मा भाग खेळांच्या कार्डांचा होता. जानेवारी 2025 ला संपलेल्या वर्षात एकूण विक्री सुमारे 13,050 कोटी डॉलरवर गेली आणि खेळांच्या कार्डांचा वाटा दहाव्या हिश्शाहूनही कमी राहिला. त्या कार्डांची विक्री घटली नाही, उलट दुप्पट झाली. पण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अवाढव्य केंद्रे उभारणाऱ्या श्रीमंत कंपन्यांच्या रांगेपुढे घरगुती गिऱ्हाइकाची रांग मागे पडली. 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव पुन्हा भडकले ते ह्याच मागणीमुळे. मायक्रॉनने तर घरगुती गिऱ्हाइकांसाठी असलेला आपला 'क्रुशियल' हा छाप बंद करण्याचे डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केले. ह्यात कोणी कोणाच्या कानात काही कुजबुजावे लागत नाही. ज्याची थैली मोठी त्याला माल आधी, एवढाच नियम पुरतो.

भरीला आपल्याकडे डॉलरचा भाव आहे. 2017 मध्ये 65 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2025 मध्ये 85 च्या पुढे गेला. वर 18 टक्के जीएसटी. तिथे वाढलेला रुपया इथे येईपर्यंत आणखी फुगतो.

आता एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. एका कारखानदार मित्राने मला हसत विचारले, "अण्णा, तुम्हीही एकत्र येऊन मजुरीचा भाव ठरवता. मग कारखानदारांनी एकत्र येऊन मालाचा भाव ठरवला तर बिघडले कुठे?" प्रश्न चेष्टेचा असला तरी रास्त आहे आणि जुनाही आहे. 1920 मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या लढ्यात कामगार पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर मालकांनी दावा लावला आणि हायकोर्टाने मनाईहुकूम दिला. कामगारांना संपासाठी एकत्र करणे हाच कट ठरू लागला. आपले ना. म. जोशी यांनी 1921 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात युनियनांना संरक्षण देण्याचा ठराव मांडला आणि त्यातून पुढे 1926 चा ट्रेड युनियन कायदा झाला. अमेरिकेतही 1890 चा मक्तेदारीविरोधी कायदा आधी संपकऱ्यांवरच चालवला गेला. माणसाचे श्रम म्हणजे बाजारातला माल नव्हे, असे लिहिण्यासाठी 1914 साल उजाडावे लागले.

त्या कायद्याने आम्हाला संरक्षण दिले, पण फुकट नव्हे. नोंदणी करा, सभासदांची यादी ठेवा, हिशेब तपासून घ्या, दर वर्षी निबंधकाकडे विवरण पाठवा. आमचे मागणीपत्र आम्ही फाटकावर चिकटवतो आणि मालकासमोर बसून बोलतो. ज्याच्याकडून पैसे मागायचे त्याच्या तोंडावर मागतो. क्रिस्टल मीटिंगला गिऱ्हाइकाला कोणी बोलावले होते काय? एकटा कामगार दुबळा असतो म्हणून तो दुसऱ्याचा हात धरतो. ज्यांच्या हातात आधीच सगळा बाजार आहे त्यांनी अंधारात हात मिळवणे ही निराळी गोष्ट आहे. माझ्या मित्राला मी हेच उत्तर दिले.

मग करायचे काय? मी क्रांतीचा कार्यक्रम घेऊन आलेलो नाही. करता येण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, बिले जपून ठेवा. कोणत्या तारखेला कोणता माल कोणत्या भावाने घेतला, ह्याची नोंद युनियन, पतपेढी आणि ग्राहकसंस्था यांनी ठेवावी. मेमरीच्या खटल्यात कंपन्या अडकल्या त्या कागदांमुळे आणि साक्षींमुळे. घोषणांमुळे नव्हे.

दुसरी, आपल्या कायद्याचा उपयोग करा. आपल्याकडे 2002 चा स्पर्धा कायदा आहे आणि त्याखाली भारतीय स्पर्धा आयोग आहे. कोणीही व्यक्ती, ग्राहक किंवा ग्राहकांची संघटना आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. दुकानदाराकडून घेतले की कंपनीकडून, म्हणून तिला दारात अडवले जात नाही. संगनमतात सामील असलेला एखादा आपण होऊन माहिती देईल, तर त्याला दंडात सवलत देण्याची तरतूदही आहे. 2012 मध्ये ह्या आयोगाने सिमेंट कंपन्यांना 6,300 कोटी रुपयांच्या आसपास दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांच्या पायऱ्या चढत राहिले, ही गोष्ट निराळी. पण दार आहे आणि ते ठोठावता येते, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.

तिसरी, जिथे संगनमत नाही, नुसती मक्तेदारी आणि टंचाई आहे, तिथे फिर्याद उपयोगी पडत नाही. तिथे सामाईक सोय उभी करावी लागते. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये 10,372 कोटी रुपयांची एक योजना मंजूर केली. तिच्यात हजारो ग्राफिक्स चिपा घेऊन त्या संशोधक आणि नव्या उद्योगांना वापरायला देण्याची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. पण आयटीआयमधल्या मुलाच्या आणि टूलरूममधल्या कामगाराच्या वाट्याला तिच्यातले काय येणार, हे आपण विचारले पाहिजे. औद्योगिक वसाहतीत जशी सामाईक चाचणी प्रयोगशाळा असते, तशी चार चांगल्या संगणकांची एक सामाईक खोली का असू नये? गावाने विहीर खणली ती घरोघर विहीर परवडत नव्हती म्हणूनच ना?

आमच्या त्या सभासदाचे काय झाले, असे आपण विचाराल. त्याने वर्षभर वाट पाहिली. 2022 च्या अखेरीस जुन्या कार्डांचे भाव उतरले, तेव्हा त्याच दुकानदाराने त्याला एक वापरलेले कार्ड तपासून दिले. मंजूर झालेल्या तीस हजारांतले काही पैसे उरले. ते वर्ष मात्र त्याचे गेले. त्या वर्षात हातची गेलेली कामे कोणत्याही आयोगाच्या हिशेबात येत नाहीत. भाववाढीची खरी किंमत मोजायची तर ती अशा ठिकाणी मोजावी लागते.

मी दुकानदारावर आरोप केला तेव्हा माझा राग खरा होता, पत्ता चुकला होता. कोणी नागवतो आहे असे वाटले म्हणजे गप्प बसू नये, हे मी तीस वर्षे सांगत आलो. त्यात आता एवढीच भर घालतो की, बोट दाखवण्यापूर्वी बिल वाचावे. पुराव्याने उभा केलेला एक आरोप शंभर घोषणांपेक्षा मालकाला जास्त जड जातो.